‘काही नाही’ म्हणायचं थांबवताना

मनात दाबून ठेवलेलं बोलायला शिकवणाऱ्या आमच्या गटात ‘मला खरं बोलता येत नाही’ ही तक्रार घेऊन सहसा कुणी येत नाही. माणसं येतात ती पित्त उसळतं म्हणून, रात्री दात खाल्ल्यामुळे सकाळी जबडा दुखतो म्हणून, पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही म्हणून. कुणाला घशात सतत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलेलं असतं आणि घसा स्वच्छ असतो. मग तिसऱ्या-चौथ्या भेटीत, भलत्याच विषयावर बोलता बोलता, एखादं वाक्य बाहेर पडतं. ‘मला वेगळं राहायचं होतं.’ ‘हे दुकान मला कधीच चालवायचं नव्हतं.’ चार-सहा शब्दांचं वाक्य, पण ते आत दाबून धरायला रोज ताकद लागलेली असते.

आठ शनिवार, दर वेळी दोन तास, एका वेळी आठ ते दहा माणसं, अशी आमच्या कामाची पद्धत आहे. त्या आठ आठवड्यांत काय होतं, कुठे अडतं आणि का अडतं, ते इथे सांगतो.

गटात घेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्याच लागतात. पहिली शरीराची. थकवा, चिडचिड आणि झोप उडणं यामागे थायरॉइड, कमी हिमोग्लोबिन किंवा बी-१२ची कमतरताही असू शकते. ती मनाच्या नावावर खपवू नये. दुसरी नैराश्याची. त्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी भरून घेतो. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर आधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट, मग गट. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे ‘काही दिवस’ एवढी साधी खूण असली तरी त्याच दिवशी त्या माणसाशी बसून बोलावं लागतं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही तेव्हाच फोनमध्ये घालून देतो. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ मध्ये सुरू झाली, ती चोवीस तास आणि मोफत आहे, आणि मराठीतून बोलता येतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ज्या घरात हात उचलला जातो, त्या घरातल्या बाईला आम्ही ‘मोकळेपणाने बोला’ असा सल्ला देत नाही. तिथे गप्प राहून ती स्वतःचा जीव सांभाळत असते. तिच्यासाठी वाट वेगळी: १८१ ही महिला हेल्पलाइन, २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी आणि आधी सुरक्षित निवाऱ्याची सोय. हे न विचारता कुणाला बोलायला लावणं हा गुन्हा आहे असंच आम्ही मानतो.

पहिल्या शनिवारी एक गैरसमज आधी बाजूला सारावा लागतो. बोललो नाही म्हणजे विषय संपला, असं बहुतेकांना वाटत असतं. प्रत्यक्षात न बोललेलं वाक्य आंघोळीला बरोबर येतं, लोकलमध्ये येतं, भांडी घासताना येतं. त्या वाक्याला समोरचा काय उत्तर देईल, त्यावर आपण काय म्हणू, असं सगळं भांडण डोक्यात पुन्हा पुन्हा होतं, आणि दर वेळी छाती खऱ्या भांडणासारखीच धडधडते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९०च्या दशकात केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. लोकांना त्रासदायक चित्रफीत दाखवली आणि काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. चेहरा कोरा राहिला, पण आतलं वाईट वाटणं कमी झालं नाही, उलट हृदय-रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढला. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की भावना लपवण्यात गुंतलेल्या माणसाला समोर काय घडलं ते कमी आठवतं. ‘हल्ली काही लक्षातच राहत नाही’ म्हणणाऱ्यांना हे ऐकून हायसं वाटतं. आपली बुद्धी कमी झालेली नाही, ती दुसरीकडे गुंतली आहे, हे कळतं.

२००३ सालचा एमिली बटलर आणि ग्रॉस यांचा प्रयोग तर आम्ही दर गटात सांगतो. अनोळखी बायकांच्या जोड्यांनी एक अस्वस्थ करणारी फिल्म पाहिली आणि मग त्यावर गप्पा मारल्या. काही जोड्यांतल्या एकीला गुपचूप सांगितलेलं होतं की भावना लपवायच्या. त्या जोड्यांत समोरच्या बाईचाही रक्तदाब चढला, आणि जवळीक कमी झाली. ‘मी गप्प बसते म्हणून घरात शांतता आहे’ या समजुतीला यापेक्षा चांगलं उत्तर आम्हाला सापडलेलं नाही. शेजारी बसलेल्याच्या शरीराला ते गप्प बसणं कळत असतं.

डॅना जॅक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नैराश्य असलेल्या स्त्रियांशी बोलून १९९०च्या सुमारास ३१ विधानांची एक मोजपट्टी तयार केली. नातं टिकवण्यासाठी माणूस स्वतःचा आवाज किती बंद करतो, ते ती मोजते. तिचे चार भाग आहेत, आणि त्यातला एक बाहेरून समजूतदार, आतून संतापलेलं अशा दुभंगलेपणाविषयी आहे. या भागाशी आले की आमच्याकडच्या लोकांचे पेन थांबतात. पुरुषांचेही. ही मोजपट्टी बायकांसाठी केली असली तरी पुरुषांचे गुण त्यात कमी येत नाहीत, हे नंतरच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात अनेक दशकं चालू असलेल्या हृदयरोगाच्या अभ्यासातून २००७ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: नवऱ्याशी मतभेद झाल्यावर गप्प राहणाऱ्या स्त्रियांमध्ये पुढच्या १० वर्षांत मृत्यूचं प्रमाण बोलणाऱ्या स्त्रियांच्या चौपट होतं. गप्प बसल्यामुळेच मृत्यू आला असं यावरून सिद्ध होत नाही, दोन गोष्टी बरोबर चालताना दिसल्या एवढंच. पण दुर्लक्ष करावं असा हा आकडा नाही.

सगळंच मनात ठेवणं वाईट, असं मात्र सरसकट म्हणायला आमची तयारी नाही. बटलर यांच्याच २००७च्या अभ्यासात आशियाई संस्कारांत वाढलेल्या स्त्रियांवर भावना आवरण्याचे वाईट परिणाम कमी दिसले. म्हाताऱ्या सासऱ्यांची जुनी गोष्ट पाचव्यांदा ऐकून घेणं हा कोंडमारा नव्हे, ती माया आहे. आम्ही फरक ओळखायला एकच प्रश्न विचारतो: ‘बोलायचं ठरवलं असतं, तर बोलता आलं असतं का?’ उत्तर ‘हो, पण मीच सोडून दिलं’ असेल तर ते वाक्य वहीत येत नाही. ‘छे, हिंमतच नसती झाली’ असेल तर येतं.

वही म्हणजे साधी, शंभर पानी. पहिला आठवडाभर एकच काम: दिवसात गिळलेली वाक्यं टिपायची. चार रकाने. समोर कोण होतं, मनात काय आलं होतं, तोंडातून काय बाहेर पडलं, आणि शरीरात कुठे जाणवलं. तिसऱ्या रकान्यात ‘काही नाही’, ‘चालेल’, ‘बघू’, ‘जाऊ दे’, ‘हो हो, करते ना’ एवढीच पाच वाक्यं फिरून फिरून येतात. आठवड्यात सरासरी किती भरतात हा प्रश्न आम्ही टाळतो, कारण माणसं लगेच एकमेकांशी तुलना करायला लागतात.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, रात्री झोपताना सगळं एकदम लिहायला बसणं. तोवर मूळ वाक्य विरलेलं असतं आणि ‘नेहमीचंच, सासूबाई’ असा सारांश उरतो, ज्याचा काही उपयोग नाही. प्रसंगानंतर तासाभरात लिहायचं. वही जवळ नसेल तर किराणा मालाच्या यादीत दोन शब्द टाकून ठेवायचे. दुसरी चूक, मनातलं वाक्य सभ्य करून लिहिणं. ‘मला थोडं वाईट वाटलं’ असं लिहिलेलं दिसलं की आम्ही विचारतो, खरंच हेच शब्द होते? मग कळतं की शब्द होते ‘मी काय मोलकरीण आहे?’ वहीत तेच हवं.

दुसऱ्या आठवड्यात लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, सगळ्यात खोल दाबलेल्या एका गोष्टीबद्दल लिहायचं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांवर करून पाहिलेली ही पद्धत. ज्यांनी घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं, दोन्ही लिहिलं, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. शुद्धलेखन पाहायचं नाही, हात थांबवायचा नाही, सुचलं नाही तर मागचं वाक्य पुन्हा लिहायचं. लिहून उठल्यावर जरा जास्तच उदास वाटतं, हे आधी सांगून ठेवावं लागतं. पेनेबेकर यांच्या प्रयोगातही लिहिल्या-लिहिल्या लोकांना जास्त वाईट वाटत होतं. न सांगितल्यास दुसऱ्या दिवशी निम्मे लोक वही बंद करून ठेवतात. झोपण्याआधीची वेळ टाळायची. लिहिताना हात कापायला लागला, श्वास लागला, जुना प्रसंग डोळ्यांपुढे घडत असल्यासारखा दिसायला लागला, तर तिथेच थांबायचं, पाय जमिनीवर टेकवायचे, पाणी प्यायचं आणि तो विषय गटात न आणता एकट्याने समुपदेशकाकडे न्यायचा.

वही कुणाच्या हाती लागली तर, ही भीती खरी आहे. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं राहतात तिथे स्वतःचा कप्पादेखील नसतो. तिथे सुट्या कागदावर लिहून फाडून टाका म्हणतो. लिहिण्याचा फायदा लिहिताना होतो, कागद जपून ठेवल्याने काही वाढत नाही. फोनवर लिहू नका हे मात्र निक्षून सांगतो. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर चुकून गेलेला असा मजकूर निस्तरायला महिने जातात.

तिसऱ्या शनिवारी निवड. वहीतल्या वाक्यांचे तीन ढीग: बोलल्याशिवाय चालणारच नाही, बोललं तर बरं, सोडून देता येईल. पहिल्या ढिगात तीनपेक्षा जास्त ठेवू देत नाही.

याच सुमाराला कुणीतरी म्हणतं, ‘मी रोज बहिणीशी बोलून मन मोकळं करते की.’ त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण ज्याच्याशी बोलायचं त्याच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही, आणि राग रोज नव्याने तापवला जातो. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२च्या प्रयोगात राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर गुद्दे मारणाऱ्यांचा राग, नुसत्या शांत बसलेल्यांपेक्षा जास्त राहिला. भांडी आदळणं, टोमणे मारणं, चार दिवस अबोला धरणं हेही त्याच जातीचं. त्यात राग बाहेर दिसतो, पण मागणी काय आहे ते समोरच्याला कळतच नाही.

चौथा शनिवार वाक्य बांधण्याचा, आणि खरी मेहनत इथे आहे. वाक्यात तीन गोष्टी हव्यात: नेमकं काय घडतं, त्याचा माझ्यावर काय परिणाम होतो, मला काय हवं आहे. आणि मग थांबायचं. एकूण पंचवीस-तीस शब्द. एका नोकरी करणाऱ्या सुनेचा पहिला मसुदा असा असतो: ‘आई, तुम्हाला राग येणार नसेल तर बोलू का, म्हणजे तसं काही मोठं नाही, पण मी नेहमी एकटीच सगळं करते आणि कुणाला काही पडलेलंच नसतं.’ यात आधी माफी, मग आरोप, आणि मागणी कुठेच नाही. सासूबाईंनी ‘बरं’ म्हटलं तरी उद्या नक्की काय बदलायचं? चार वेळा खोडून झाल्यावर वाक्य असं होतं: ‘आई, मला घरी यायला सात वाजतात, आणि तिथून कुकर लावला की जेवायला साडेनऊ होतात, मी पार गळून जाते. सातच्या आत कुणीतरी कुकर लावलेला हवा.’ कुकर हा शब्द आल्यावर वाक्याला पाय फुटतात. ‘मदत’, ‘समजून घेणं’, ‘आदर’ हे शब्द आले की समजावं, अजून नेमकं काय हवं ते ठरलेलं नाही.

ऑफिसातलंही तसंच. ‘सर, वर्कलोड फार होतोय’ याला उत्तर एकच मिळतं: ‘सगळ्यांनाच होतोय.’ त्याऐवजी ‘सर, शुक्रवारी साडेसहानंतर आलेली फाइल मी सोमवारी सकाळी दहाला हातात घेईन. शनिवार-रविवार करत राहिलो तर चुका व्हायला लागल्यात.’ वडिलांशी बोलायच्या वाक्यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. तिथे ‘बाबा’ या हाकेनंतरच आवाज जातो.

वाक्यामागची भीतीही उकलावी लागते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या १९५०च्या दशकातल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा इथे उपयोग होतो. ‘सगळ्यांना मी चांगलीच वाटले पाहिजे’, ‘त्यांना वाईट वाटलं तर मला सहनच होणार नाही’, ही ‘पाहिजेच’ची भाषा पकडायची. तिच्या जागी ‘वाटले तर बरं, नाही वाटले तर त्रास होईल, पण निभेल’ एवढं बसलं तरी पुष्कळ.

पाचवा आणि सहावा शनिवार तालमीचा. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांच्या ० ते १०० या भीतीच्या पट्टीवर आधी शिडी रचतो. भाजीवाल्याला ‘ही मेथी नको, ती द्या’ म्हणणं कुणाला १५ वाटतं. रिक्षावाल्याकडे सुटे मागणं ३०. नणंदेला ‘या रविवारी जमणार नाही’ ६०. वडिलांना ‘मी हे लग्न करणार नाही’ ९५. तालीम तिशीपासून सुरू, आणि भीती निम्म्यावर आली की वरची पायरी. थेट ९५वर उडी घेणारे उत्साही लोक प्रत्येक गटात असतात. एक फटका बसला की ते पुन्हा वर्षभर गप्प होतात, म्हणून त्यांना धरून ठेवावं लागतं.

तालमीत एक गोष्ट इतक्यांदा पाहिली की आता आम्ही तिचीच वाट पाहतो. समोरासमोर दोन खुर्च्या. एक बाई नणंदेची भूमिका करते, दुसरी म्हणते, ‘वन्सं, या रविवारी मला जमणार...’ आणि ‘नाही’ ऐकूच येत नाही. ओठ हलतात, मान खाली जाते, बोटं ओढणीचं टोक गुंडाळत राहतात, आणि शेवटच्या शब्दाऐवजी एक कसनुसं हसू येतं. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. श्वास संपतो, धीर संपतो, तिथेच नेमका ‘नाही’ उभा असतो. म्हणून आम्ही वाक्याआधी पूर्ण श्वास घ्यायला लावतो, वाक्य लहान करतो, आणि तरीही शब्द बुडत असेल तर क्रमच उलटा करतो: ‘नाही वन्सं, या रविवारी जमणार नाही.’ नकार आधीच बोलून झाला की शेवटी आवाज पडला तरी बिघडत नाही. दोन्ही पाय जमिनीवर, हात मांडीवर सुटे, डोळे समोरच्याच्या भुवयांच्या मध्ये. हसायचं नाही. न हसता नकार द्यायला बहुतेकांना सात-आठ तालमी लागतात.

समोरून आग्रह झाला की कारणांची रांग लावायची नाही. ‘पाहुणे येणार आहेत’ म्हटलं तर ‘त्यांनाही घेऊन ये’ असं उत्तर तयार असतं. तेच वाक्य, त्याच सुरात, तीनदा म्हणायचं. चौथ्यांदा सहसा वेळ येत नाही.

सातव्या आठवड्यात खरं बोलणं. वेळ आधी ठरवून: पोट भरलेलं असताना, दोघंच असताना, टीव्ही बंद असताना. सणाच्या दिवशी नाही, गाडी चालवताना नाही, मेसेजवर तर नाहीच, कारण मेसेज पंधरा जणांना दाखवला जातो. आणि एका वेळी एकच विषय. कुकरवरून सुरू झालेलं बोलणं लग्नातल्या मानपानापर्यंत गेलं की तो दिवस वाया गेला समजायचं.

बोलून झाल्यावरचे पहिले दोन दिवस सगळ्यात अवघड जातात. छाती हलकी होण्याऐवजी अपराधी वाटायला लागतं. याच ४८ तासांत माणसं केलेलं काम पुसून टाकतात: ‘आई, परवा मी उगाच बोलले हं, तुम्ही मनावर घेऊ नका.’ हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्यावर फुली मारायला सांगतो. दोन दिवस काहीही दुरुस्त करायचं नाही. रोजच्यासारखा चहा द्यायचा, रोजच्यासारखं बोलायचं. ‘हल्ली फार बोलायला लागलीस’ असं ऐकावं लागतं, ते धरूनच चालायचं. मागणी नाकारली जाऊ शकते, अर्धीच मान्य होऊ शकते. झोप मात्र बहुतेकांची उत्तर काय मिळालं यावर फारशी अवलंबून नसते. डोक्यातलं भांडण थांबलं की पहाटेची जाग कमी होताना आम्ही पाहिली आहे. आठव्या शनिवारी पीएचक्यू-९ पुन्हा भरून घेतो. गुण खाली आले नसतील तर हा मार्ग पुरेसा नाही हे मान्य करून औषध किंवा वैयक्तिक उपचाराकडे पाठवतो.

नकाराची तयारी सगळे करून जातात. एका उत्तराची तयारी कुणी केलेली नसते, आणि ते फार वेळा येतं. समोरचा माणूस क्षणभर पाहतो आणि म्हणतो, ‘अगं, मग आधी का नाही सांगितलंस?’ या प्रश्नावर माणसं नकारापेक्षा जास्त रडतात, कारण मागची दहा-बारा वर्षं एकदम समोर उभी राहतात. म्हणून शेवटच्या तालमीत याचंही उत्तर बसवून घेतो. खुलासा द्यायचा नाही, जुना हिशेब काढायचा नाही. श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, ‘तेव्हा नाही जमलं, आई. आता सांगतेय.’